चिलमीसारखी ओढा, असं मीच म्हटलं होतं

थांबा, बाकी सगळं बाजूला ठेवा, हे मला आत्ताच सांगायचंय. दिवाळी तोंडावर आली, म्हंजे पाडव्याचा गाईंचा सण, गायगोधनही आलं, अन् यंदा त्या गावात तोंड दाखवायचं की डोकं दुखते म्हणून घरी पडून राहायचं, हे मला ठरवायचंय. मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणते, मला कायले सांगतेस, लिहून काढ. तर लिहून राहिली. खिडकी बंद केली आहे, दोन्ही अंगठे मोबाईलवर आहेत, चुका झाल्या तर समजून घ्या.

आधी मी कोण ते सांगते. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी आहे. नाव केवढं मोठं. ऐकणाऱ्याला वाटते मी मागच्या खोलीत कढई चढवून औषध निर्माण करत असेन. मी आजवर एक गोळीसुद्धा निर्माण केली नाही. गावातली माणसं याच्यापेक्षा नेमकं बोलतात. "गोळीवाली पोट्टी कुठं गेली?" असं विचारतात. माझी आई फुलचूरला शेजारपाजारी सांगते, आमची पोरगी डॉक्टरच्या बाजूला बसते. तेही खरंच आहे, मधात फक्त एक भिंत आहे.

ड्यूटी सडक अर्जुनीच्या पुढं, जंगलाकडं. रूम सडक अर्जुनीत हायवेला लागून, म्हणून मला अलार्म लागत नाही, ट्रकवाले उठवतात. तिथून स्कूटीनं केंद्रात. अन् केंद्रात माझं काम म्हंजे खिडकी. खिडकी म्हंजे जाळीला पाडलेलं एक भोक, ज्यातून एक हात आत येतो. आत डॉक्टर साहेब तपासतात, चिठ्ठी लिहितात, हात चिठ्ठी घेऊन येतो, मी गोळ्या देते, हात जातो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते किराणा दुकान आहे, फक्त इथं सुट्ट्याच्या बदल्यात चॉकलेट भेटत नाही.

पण औषध तोंडात जायच्या आधी पेशंटला पाहणारं शेवटचं माणूस मीच आहे. अन् साहेबांसमोर जे ओठ शिवलेले असतात, ते माझ्या भोकापाशी आले की उसवतात. "साहेबाले नाही सांगतलं जी, पण…" या एका वाक्यावर माझी निम्मी नोकरी चालते. साहेबांनी विचारलं, दारू घेता का? नाही, बिलकुल नाही, देवाशपथ. तोच माणूस भोकाला तोंड लावून मला हळूच, "ह्या गोळीवर मोहाची चालते, का ते बी बंद?"

हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. मी गोंदियात डी.फार्म. केलं. दोन वर्षं आम्ही झाडांच्या साली हुंगून ओळखल्या, गुलाबी लोशन घोटलं, लॅटिनचे शॉर्टफॉर्म पाठ केले. सर हिंदीत शिकवायचे, पुस्तक इंग्रजीत, डोकं मराठीत, त्यामुळं प्रत्येक औषध तीन वेळा घोटून व्हायचं. व्हायवात, म्हंजे तोंडी परीक्षेत, सरांनी मला विचारलं, दिवसातून दोनदा याला काय लिहितात? मी बरोबर सांगितलं, पास झाली, पेढे वाटले. दिवसातून दोनदा हे माणसाला कसं सांगतात, ते विचारायचं सर विसरले.

नोकरीच्या सुरवातीला मी मोठ्या थाटात म्हणायची, "सकाळी जेवणानंतर एक, संध्याकाळी जेवणानंतर एक." सोपं आहे ना? एक काकू शुगरच्या गोळ्या घ्यायच्या अन् महिन्याच्या शेवटी निम्म्या परत आणून द्यायच्या. इमानदार बाई. मी विचारलं, सकाळची काऊन नाही घेत? म्हणे, सकाळी आमी जेवतच नाही. उपाशी राहता? नाही, पेज पितो. लोटाभर. मी म्हटलं, अहो मग तेच जेवण. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जसं मी पाण्याला भाजी म्हटलं. "पेज पेतात बाई. जेवतात भात." त्या दिवसापासून मी जेवण हा शब्द सोडला. आता विचारते, घरी चूल कधी कधी पेटते? अन् चुलीच्या हिशोबानं गोळी लावते. कोणत्या पुस्तकात हे आहे सांगा.

अजून एक होता, त्याला जुलाबासाठी ओआरएसची पाकिटं दिली तर दोन दिवसांनी हसत आला. "म्हैस एकदम बरी झाली, अजून द्या." मी चिडणार होती, पण त्याचा स्वतःचाही जुलाब थांबला होता. दोघांनी अर्धं-अर्धं घेतलं होतं म्हणे.

बरं, मुद्द्यावर येते. मुद्दा आहे इस्तारी आबाजी.

मागच्या वर्षी पावसाळ्यात आमचं गोंदियाला एक दिवसाचं ट्रेनिंग झालं, दम्याच्या मशीनवर. मशीन म्हंजे काय, हाताच्या मुठीत मावेल एवढी प्लास्टिकची नळी. त्यात पावडर भरलेली कॅप्सूल टाकायची, नळी पिळायची, कॅप्सूल आतल्या आत फुटते, मग तोंड लावून जोरात आत ओढायचं. पावडर थेट छातीत. पोटात काही जात नाही. शिकवणाऱ्या मॅडमनी एकच गोष्ट घासून घासून सांगितली. पेशंटला "समजलं का" असं विचारू नका, तो हो म्हणतो अन् घरी जातो. "करून दाखवा" असं म्हणा.

मी परत आली ती पेटूनच आली. दुसऱ्या दिवशी जो येईल त्याला करून दाखवा. एक बीपीचे काका म्हणाले, "का करून दाखवू? गिळू?" साहेबांनी भिंतीपलीकडून हाक दिली, "मॅडम, निदान मलमवाल्याला तरी सोडा हो."

तेवढ्यात आले इस्तारी आबाजी. सुरवातीला ज्या गावाचं बोलली, त्या गावचे गायकी. गायकी म्हंजे गाणारे नाही, आमच्याकडं गुराख्याला गायकी म्हणतात. काटक, डोक्याला दुपट्टा, बोलताना मधात थांबून श्वास घेणार. दम्याची चिठ्ठी त्यांची जुनी होती, माझ्या आधीच्यांपासूनची. कॅप्सूल नेत होते, तरी धाप तशीच. मी म्हटलं, "आबाजी, करून दाखवा."

त्यांनी कॅप्सूल काढली, माझ्याकडं पाणी मागितलं अन् गटकन गिळून घेतली.

"अन् मशीन?"

"ते आहे ना घरी. खुटीले टांगून."

"खुटीले कायले?"

"सरकारनं देल्लं तं सांभाळा लागते ना जी."

मी त्यांना आत बोलावलं, स्टुलावर बसवलं, नवीन नळी दिली, कॅप्सूल भरली, पिळली, म्हटलं लावा तोंडाला. आबाजींनी तोंड लावलं अन् पूर्ण ताकदीनं फुंकलं. सगळी पावडर माझ्या तोंडावर, चष्म्यावर, केसांत. पोळ्याचा बैल सजवावा तशी मी सजली. साहेब दारातून डोकावले, मला पाहिलं, परत गेले, अन् भिंतीपलीकडून त्यांचं हसणं किती वेळ ऐकू आलं ते विचारू नका.

"आबाजी, फुंकायचं नाही, ओढायचं."

"पोरी, जलमभर फुंकतच आलो मी. बासरी आहे माही."

तेव्हा मला पहिल्यांदा बासरीचं समजलं. दिवाळीत पाडव्याला गायगोधन असते. गाईंना सजवतात, शेणाचं गोधन मांडतात, त्यावरून गाई नेतात, अन् गायकी लोक डफ-बासरी वाजवत नाचत गावातून फिरतात. त्या गावात आखरापासून, म्हंजे सकाळी गाई गोळा होतात त्या मोकळ्या जागेपासून, मारुतीपर्यंत पुढं बासरी चालते. ती बासरी इस्तारी आबाजींची. त्यांच्या आधी त्यांच्या बापाची. अन् आदल्या वर्षी आबाजी अर्ध्या रस्त्यात बसून गेले होते. छाती धरून, लोकांसमोर. उरलेला रस्ता त्यांच्या पुतण्यानं, रोशननं वाजवला.

"यंदा नाही झालं तं बासरी त्याची," आबाजी म्हणाले. "गाव बोलून रायलं आता. मले बसलेला पाह्यलं ना सगळ्यायनं."

हे बोलायलाही त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. माझं हसू गेलं. मी ठरवलं, या माणसाला मारुतीपर्यंत पोचवायचंच. पण ते फुंकणं काही सुटेना. चार कॅप्सूल हवेत गेल्या. अन् मग माझ्या सुपीक डोक्यात आलं.

"आबाजी, चिलीम ओढता?"

ते भिंतीकडं पाहून हळूच म्हणाले, "साहेबाले नाही सांगतलं, पण ओढतो."

"मग ही चिलीम समजा. चिलमीसारखी ओढा."

काय सांगू तुम्हाला. डोळे बारीक केले, दोन्ही हातांच्या मुठीत नळी धरली, आतला सगळा श्वास सोडला, अन् असा झुरका ओढला की कॅप्सूल आतमध्ये भिंगरीसारखी फिरली. मग श्वास धरून ठेवला, शांत. ट्रेनिंगच्या मॅडमनासुद्धा एवढं साफ जमलं नव्हतं. मी चिलीमही सोडा असं सांगितलं, नंतर गुळणी करायची सांगितली, नळी धुवून वाळवायची सांगितली. अन् त्या दिवशी मी आमच्या फार्मासिस्टच्या ग्रुपवर एवढा मोठा मेसेज टाकला, "ग्रामीण भागात सांस्कृतिक पद्धतीनं समुपदेशन". अंगठे किती आले म्हणून सांगू.

महिन्याभरात आबाजी एका दमात वाक्य बोलायला लागले. पण कॅप्सूल संपायला लागल्या. महिन्याचा साठा दिला की आठवड्यात हजर. मी विचारलं, जास्त घेता का? "सकाळी एक, संध्याकाळी एक. तुमच्यानं सांगतलं तसंच." खोटं बोलणारा माणूस वाटत नव्हता. मी अजून दिल्या. पुन्हा आठवड्यात हजर. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं औषध वरून येते, मागणी टाकली की गाडी येईल तेव्हा येते, अन् दम्याची कॅप्सूल काही पोतं भरून येत नाही. माझं कपाट रिकामं होत चाललं.

त्याच दिवसांत गेंदलाल काका आले. आबाजींच्याच गावचे, त्यांचे दोस्त, तब्येत अशी की नांगराला जुंपावं. तक्रार काय, तर हात थरथरतात अन् छाती धडधड करते. साहेबांनी तपासलं, कार्डिओग्राम काढला, सगळं ठीक. साहेब चक्रावले. चहा कमी करा असं लिहून दिलं. काका चिठ्ठी घेऊन भोकापाशी आले अन् थांबले. मला वाटलंच, आता ते वाक्य येते.

"साहेबाले नाही सांगतलं जी, पण इस्तारीची चिलीम ओढल्यावरच होते हे."

"चिलीम तर त्यांनी सोडली ना?"

"ते सोडली. तुमची देल्लेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रात जायच्या आधी स्कूटी थेट आखरावर घातली. गाई गोळा होऊन राहिल्या होत्या. पळसाखाली पाच म्हातारे गोल करून बसले होते, त्यातलेच एक इस्तारी आबाजी. नळीच्या बुडाला ओली साफी गुंडाळलेली. साफी म्हंजे चिलमीला लावतात तो फडक्याचा तुकडा, धूर गार व्हावा म्हणून. आबाजींनी कॅप्सूल भरली, पिळली, ओढली, दुपट्ट्यानं नळीचं तोंड पुसलं, नवीन कॅप्सूल भरली अन् उजव्या हाताच्या माणसाला दिली. त्यानं आधी नळी कपाळाला लावली, मग ओढली. पुढच्याला दिली.

"आबाजी, हे काय चालू आहे?"

"दवाई घेऊन रायलो."

"सगळे?"

"चिलमीसारखी ओढा म्हनलं ना तुमी?"

"हो, पण ते ओढण्यापुरतं."

"मंग चिलीम कोणी एकटा ओढते का जी? एकटा चोर ओढते. बाजूले माणूस बसून आहे अन् आपण तोंड लपवून ओढाची, ते दिसते का बरं?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. एक म्हणाला, "अन् उष्टी कॅप्सूल नाही देत तो. प्रत्येकाले ताजी भरते." दुसरा म्हणाला, "आमी सगळ्यायनं चिलीम सोडली बाई. हेच बरं आहे. काडीपेटी बी लागत नाही."

आता गंमत पाहा. तंबाखू सोडा म्हणून आम्ही भिंती रंगवल्या, बोर्ड लावले, शाळेच्या पोरांना घोषणा देत गावातून फिरवलं, कोणाची चिलीम सुटली नाही. अन् इथं अख्खा आखर तंबाखूमुक्त बसून होता, माझ्या कपाटातल्या औषधावर. आनंद करायचा की रडायचं ते समजेना. मी दोन्ही ठेवलं बाजूला अन् ट्रेनिंगमधला आवाज काढला.

"ऐका. ही चिलीम नाही. तोंडाला लावायची वस्तू एकाची. दुसऱ्याला द्यायची नाही. मागितली तरी नाही, सोयरा आला तरी नाही, वाईट दिसलं तरी नाही. आबाजी, आता तुम्ही सांगा मी काय म्हटलं."

आबाजी उठले, बाजूच्या गाईच्या पाठीवर हात ठेवला अन् म्हणाले, "तोंडाले लावाची वस्तू एकाची. मागतली तरी नाही. सोयरा आला तरी नाही."

"वाईट दिसलं तरी?"

"वाईट दिसलं तरी नाही."

मला एवढं बरं वाटलं. पाठांतर पक्कं होतं, शपथ होती, गाय साक्षीला होती.

सगळ्यांना केंद्रात बोलावलं. साहेबांनी छाती तपासल्या. एकाची थुंकी तपासायला पाठवली, ती ठीक निघाली. दोघांना खरोखरच दमा होता, आयुष्यभर अंगावर काढलेला. ते कधी खिडकीपर्यंत आलेच नव्हते. त्यांना आपापली नळी लावली. गेंदलाल काकांची छाती ठणठणीत, त्यांना काहीच नाही. ते भोकापाशी तोंड पाडून उभे. "त्यायले दोघायले भेटली. माह्यात का कमी आहे जी?" मी म्हटलं, काका, तुम्हाला काहीच झालेलं नाही. ते म्हणाले, "तेच तं. घरच्यायले काय सांगू?" मी त्यांना जंताची एक गोळी दिली. खुश होऊन गेले.

पण कपाट रिकामं ते रिकामंच. मागणी टाकली होती, गाडी आली नव्हती. अन् दिवाळी जवळ आली तसा हलका धान, म्हंजे लवकर पिकणारा, कापणीला आला. धान कापला, बांधला, मळला की जी धूळ उडते ती चांगल्या माणसालाही खोकलवते. आबाजींच्या कॅप्सूल अख्ख्या आखरानं ओढून टाकल्या होत्या, अन् त्यांच्याकडं आता रिकामी नळी होती.

एका दुपारी मोटरसायकल थेट केंद्राच्या ओट्यापर्यंत आली. रोशन चालवत होता, मागं आबाजींना दुपट्ट्यानं स्वतःच्या पाठीला बांधलेलं. सोडलं तर पडतील म्हणून. ओठ जांभळे. बोलणं नाही, फक्त खांदे वरखाली. साहेब धावले, सिस्टर धावली, ऑक्सिजन लावला, वाफेचं मशीन सुरू केलं. मी औषध काढून देत होती, प्रत्येक डब्बी दोनदा वाचून. मला एकच दिसत होतं, ती गोल फिरणारी नळी. चिलमीसारखी ओढा, असं कोणी म्हटलं होतं?

बराच वेळ गेला. खांदे हळूहळू खाली आले. ओठांचा रंग परतला. रोशन बाजूच्या बाकावर बसला होता, पस्तिशीचा, हायवेच्या ढाब्यावर तंदूर सांभाळतो, हाताला भाजल्याच्या खुणा. तो म्हणाला, "काका, यंदा मी चालतो पुढं. तुमी बसा ओट्यावर, पाहा. कोणी काही नाही म्हनत."

प्रेमानं म्हणाला तो, खरं सांगते. आबाजींच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी डोळे उघडले, रोशनकडं पाहिलं, अन् मान हलवली. नाही.

साहेबांनी त्याच दिवशी शेजारच्या केंद्राला फोन केला, त्यांच्याकडं थोड्या कॅप्सूल होत्या. मी स्कूटी काढली अन् जाऊन घेऊन आली. डब्बा पोटाशी धरून आली, लग्नातला दागिना आणावा तशी. आबाजींना दिल्या. म्हटलं, पुन्हा सांगा. मास्क काढून त्यांनी सांगितलं, "एकाची. मागतली तरी नाही."

पाडव्याला मी फुलचूरहून मुद्दाम आली. आईनं विचारलं, सणाचं कुठं निघाली? म्हटलं, फॉलोअप.

आखरावर सगळं गाव. गाईंच्या शिंगांना रंग, गळ्यात झेंडूच्या माळा. आबाजी नवीन धोतरात. त्यांनी सगळ्यांसमोर नळी काढली, ओढली, श्वास धरला, गुळणी केली, दुपट्ट्यानं तोंड पुसलं. आजूबाजूला पळसाखालची मंडळी पहाऱ्यासारखी उभी. मग डफ सुरू झाला अन् बासरी लागली.

खोटं सांगणार नाही, बासरी बारीक होती. दोन ठिकाणी आबाजी थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा डफवाल्यानं हात हळू केला, अन् मी मनातल्या मनात श्वास मोजत होती. पण ते बसले नाहीत. मारुतीपर्यंत चालत गेले. गेंदलाल काका रडत होते. मीही रडत होती, पण माझ्याकडं धुळीचं कारण होतं.

तिथल्या रीतीनं मारुतीपासून पुढं घराघरी फिरताना तीच बासरी गायकीच्या घरातलं लहान माणूस वाजवते. रोशननं हात पुढं केला. हसत, पोराच्या हट्टासारखा नाही, आपला नंबर आला म्हणून.

आबाजींनी बासरी छातीशी धरली.

"तोंडाले लावाची वस्तू एकाची," ते म्हणाले. मोठ्यानं, एका दमात, अजिबात न थांबता. "मागतली तरी नाही. म्याडमनं सांगतलन."

अख्खं गाव माझ्याकडं वळलं. गाईसुद्धा वळल्या असं मला आजही वाटते.

रोशन म्हणाला, "म्याडम, हे बासरीले बी लागू आहे का?"

मी काय विचार केला ते सांगते, सगळा एका क्षणात केला. बासरीला लागू नाही असं म्हटलं, तर हे पाचही म्हातारे समजतील की हिचा नियम वाकतो. मग उद्या सोयरा येईल, कोणाला वाईट दिसेल, नळी पुन्हा गोल फिरेल. दोघा दम्यावाल्यांच्या नळ्याही फिरतील. मळणी अजून व्हायची होती. अन् मला दुपट्ट्यानं बांधलेले आबाजी पुन्हा मोटरसायकलवर पाहायचे नव्हते. आबाजी माझ्याकडं पाहून राहिले होते. त्यांना माहीत होतं, पक्कं माहीत होतं, की मी काय म्हणणार.

"हो," मी म्हटलं. "लागू आहे."

रोशननं हात मागं घेतला. डफवाल्याच्या बाजूनं चालत राहिला, रिकाम्या हातानं, घराघरी. आबाजी थांबत थांबत वाजवत होते.

आता तुम्हाला वाटेल, बासरीच ना, दुसरी घ्यायची. ढाब्याच्या मागं त्याच्याकडं दुसरी आहे. संध्याकाळी तंदूर पेटायच्या आधी वाजवतो, मी स्कूटी थांबवून ऐकलं आहे. अन् रोशन चांगला वाजवतो. आबाजींपेक्षा चांगला. हे मी इथं लिहून राहिली, तिथं बोलली नाही. पण गाई त्या जुन्या बासरीमागं चालतात असं गावाला वाटते, मग नवीनचं काय करणार?

वर्ष झालं. नळ्या फिरत नाहीत, मी अचानक जाऊन पाहते. पळसाखाली तिघं आपापली नळी घेऊन बसतात, एकदम एका वेळी ओढतात, अन् बाकीचे दोघं त्यांच्यासोबत नुसत्या पाण्याची गुळणी करतात, मान म्हणून. आबाजींना त्यानंतर एकदाही वाफ द्यावी लागली नाही. साहेबांनी वरच्या मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. सगळं चांगलं आहे. फक्त रोशन खिडकीवर येतो, काकांच्या कॅप्सूल नेतो, अन् माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो.

परवा आबाजी स्वतः आले. मी म्हटलं, आबाजी, यंदा मारुतीपासून रोशनला द्या ना. मी सगळ्यांसमोर सांगते, बासरीला लागू नाही, तेव्हा माझं चुकलं.

"तुमी कायले चुकता? बराबर सांगतलं तुमच्यानं."

"अहो पण बासरी वेगळी, मशीन वेगळं."

"तोंड तं एकच आहे ना जी."

"मग त्याला कधी भेटणार ती?"

आबाजींनी कॅप्सूल खिशात टाकल्या, भोकाच्या जवळ आले, अन् भिंतीपलीकडं साहेबांना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू म्हणाले, "मी गेल्यावर. धुवून, वाळवून द्या तुमीच त्याले. तवापर्यंत दवाई चालू ठेवा."

अन् गेले. चांगले ताठ चालत गेले, न थांबता, गेटपर्यंत. मी जाळीतून पाहत राहिली.

तर आता तुम्ही सांगा. तुम्ही नर्स असाल, मास्तर असाल, आशाताई असाल, घरातल्या शहाण्या सूनबाई असाल, तुमच्यासोबत झालंय का असं कधी? एकदम बरोबर गोष्ट सांगितली, समोरच्यानं ती शब्दन् शब्द पाळली, अन् तुम्ही बाजूला उभं राहून पाहिलं की ती भलत्याच माणसाला जाऊन लागली आहे? झालं असेल तर लवकर कळवा. पाडव्याला मला कोणाच्या बाजूला उभं राहायचं ते ठरवायचंय.